रझवीचा अर्ज आणि चौदावे कलम

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, लातूरमधल्या एका शाळेत माझे भाषण होते. मुलांसमोर बोलताना माणूस जरा सैल सुटतो. मीही सुटलो, आणि ‘रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याला सुप्रीम कोर्टाने सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावली’ असे ठणकावून सांगितले. टाळ्या पडल्या. नंतर चहाच्या वेळी एक वयोवृद्ध वकीलसाहेब शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, ‘शिक्षा ठोठावली ती ट्रायब्युनलने. सुप्रीम कोर्टाने फक्त कायम केली. तीही तीन विरुद्ध दोन अशी. दोन न्यायमूर्तींच्या मते तो खटला टिकतच नव्हता. तुम्ही निकाल वाचला नाही वाटतं?’

वाचला नव्हता. वाचण्यासारखा काही निकाल आहे हेच मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून १९५३ च्या सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्सचा जाड खंड काढून दिला. ‘पान ५८९ पासून बघा. घाई नाही, पण परत आणून द्या.’

मी वकील नाही आणि प्राध्यापकही नाही. लातूरच्या आडत बाजारात मुनीम म्हणून हिशेब लिहीत आलो. मूळ गाव नांदेड जिल्ह्यात, उमरीच्या बाजूला. इतिहासाचा नाद घरातल्या म्हाताऱ्यांनी लावला, उर्दू एका निवृत्त मास्टरसाहेबांनी शिकवली, आणि कायद्याची इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून स्वतःच शिकलो. त्यामुळे तो निकाल वाचून संपवायला मला दीड महिना लागला. त्यातून जे हाती आले ते मांडण्यासाठी हा लेख.

कासिम रझवी मराठवाड्याला नवा नाही. अलीगढहून कायद्याची पदवी घेऊन त्याने लातूरला वकिली सुरू केली. तेव्हाचे लातूर म्हणजे उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापाराचे गाव. स्वतंत्र जिल्हा ते १९८२ मध्ये झाले. कोर्टाचे काम उर्दूतून चाले. १९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत इत्तेहादुल मुसलमीनची सूत्रे या लातूरच्या वकिलाकडे गेली. त्यानंतर काय झाले ते आमच्या भागात सांगावे लागत नाही. १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे मारले गेले. १९४८ च्या उन्हाळ्यात बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड झाले. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादेत भर रस्त्यात मारले, मुसलमान असून त्यांनी भारतात विलीन व्हा असे लिहिले, हा त्यांचा गुन्हा. माझी थोरली आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. गावावर रझाकार येणार अशी हाळी उठली की बायकापोरांना कडब्याच्या गंजीत दडवत, आणि शेवटी सगळे घर पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेले, हे ती मरेपर्यंत सांगत असे. ‘रझवी’ हा शब्द ती कधी सरळ उच्चारत नसे. ‘तो लातूरचा’ एवढेच म्हणे.

त्या ‘लातूरच्या’ माणसावर जो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो ना गोरट्याचा, ना मराठवाड्यातल्या कोणत्या गावाचा. तो बीबीनगरचा. हैदराबादजवळचे रेल्वे स्टेशन असलेले हे गाव. तिथे जानेवारी १९४८ मध्ये रझाकारांनी केलेला दंगा, जाळपोळ आणि दरोडा एवढाच त्याचा विषय. योगायोग असा की त्याच जानेवारीच्या अखेरीस आमच्या उमरीला स्वातंत्र्यसैनिकांनी बँक लुटली. निजामाच्या कायद्याच्या पुस्तकात दोन्ही गुन्ह्यांचे नाव एकच होते: दरोडा. कायद्याचे शब्द असे आंधळे असतात, आणि पुढे येणारा सगळा वाद या आंधळेपणाविषयीच आहे.

पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि पाच दिवसांत आटोपली. रझवीला अटक झाली. राज्यावर लष्करी गव्हर्नर म्हणून मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी आले, आणि निजामाच्या फर्मानाने कायदे करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे आला. त्या अधिकारात निघाला ‘स्पेशल ट्रायब्युनल रेग्युलेशन, क्रमांक पाच, सन १३५८ फसली’. तरुण वाचकांसाठी सांगतो: संस्थानात फसली सन चाले. फसली आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, आणि वर्ष ऑक्टोबरात पालटते. आमच्याकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांत हे फसली आकडे अजून भेटतात. तर १३५८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४८ ते ऑक्टोबर १९४९.

या विनियमाची मेख एका वाक्यात होती. कोणता गुन्हा किंवा कोणत्या प्रकारचे गुन्हे विशेष न्यायाधिकरणाकडे द्यायचे हे लष्करी गव्हर्नर साध्या हुकमाने ठरवू शकत. कोणत्या कसोटीवर ठरवायचे, याचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणजे एकाच रात्री, एकाच गावात, एकच गुन्हा केलेल्या दोघांपैकी एकाला नेहमीच्या कोर्टात आणि दुसऱ्याला न्यायाधिकरणापुढे उभे करता येई. दोन्हीकडची वागणूक सारखी नव्हती. नेहमीच्या पद्धतीत गंभीर गुन्ह्याचा खटला सत्र न्यायालयाकडे सोपवण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक चौकशी होई. आपल्याविरुद्ध कोण काय सांगणार हे आरोपीला तिथेच कळे. न्यायाधिकरणापुढे ती पायरी नव्हती. साक्षी शब्दशः न लिहिता सारांशाने टिपण्याची मुभा होती. दाद मागण्याचे काही मार्गही बंद होते.

खटला १९४९ च्या अखेरीस सुरू झाला, आणि निकाल लागला सप्टेंबर १९५० मध्ये. या दोन तारखांच्या मध्ये २६ जानेवारी १९५० येतो. मला या प्रकरणाने धरून ठेवले ते इथे. खटला सुरू झाला तेव्हा हैदराबादेत मूलभूत हक्क नावाची वस्तू नव्हती. घटना समितीत हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसला नव्हता. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून संविधान मान्य केले, इतकेच. आणि मग एका सकाळी, साक्षीपुरावे अर्धे झालेले असताना, पिंजऱ्यातला आरोपी एकदम संविधानाच्या छपराखाली आला. त्या छपरावर चौदावे कलम होते: कायद्यापुढे समानता आणि कायद्याचे समान संरक्षण राज्य कोणत्याही व्यक्तीला नाकारणार नाही. नागरिकाला म्हटलेले नाही, व्यक्तीला म्हटले आहे. रझवी वकील होता. हे कलम काय आहे ते त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता थोडे लांब जावे लागेल, कारण ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द आपण अमेरिकेतून आणले, आणि कायदा रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकारही पहिल्यांदा तिथेच रुजला.

अमेरिकेच्या राज्यघटनेत न्यायालयाने संसदेचा कायदा रद्द करावा असे कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. तो अधिकार १८०३ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एका किरकोळ नोकरीच्या भांडणातून काढला. अध्यक्ष जॉन ॲडम्स निवडणूक हरले होते. जाता जाता त्यांनी आपल्या माणसांना भराभर न्यायाधीशपदे वाटली. विल्यम मार्बरी यांची नेमणूक झाली, सही-शिक्काही झाला, पण नेमणूकपत्र त्यांच्या हाती पडायचे राहून गेले. नवे परराष्ट्रमंत्री मॅडिसन ते देईनात. गंमत म्हणजे पत्र वेळेत पोचवण्याची जबाबदारी ज्या जुन्या परराष्ट्रमंत्र्याची होती तो हाच मार्शल! आपल्याच हलगर्जीपणातून निघालेल्या खटल्याचा न्याय करायला हा गृहस्थ बसला. आज आपल्याकडे असे झाले असते तर वर्तमानपत्रांनी सोडले नसते. मार्शल यांनी निकाल दिला की मार्बरी यांचा पत्रावर हक्क आहे. परंतु १७८९ च्या ज्या कायद्याने त्यांना थेट आमच्याकडे येण्याची वाट दिली तो भागच राज्यघटनेशी विसंगत, म्हणून रद्द. मार्बरी यांना पत्र मिळाले नाही ते नाहीच. अर्जदार हरला आणि न्यायालयाला मात्र कायमचे हत्यार मिळाले.

त्या हत्याराचा पुढचा मोठा वापर चांगल्या कामासाठी झाला असे समजू नये. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही असे ठरवले, आणि गुलामगिरीला आळा घालणारा संसदेचा कायदा मोडीत काढला. यादवी युद्धाची आग भडकायला जी कारणे झाली त्यांत हा निकालही होता. युद्ध संपल्यावर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती झाली आणि तीत ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द आले. ते मुक्त झालेल्या गुलामांसाठी लिहिले गेले, पण लाभ त्यांना फार उशिरा मिळाला. त्याआधी, १८८६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी धोब्याने त्यांचा उपयोग करून घेतला. लाकडी इमारतीत धुलाईचे दुकान चालवायचे तर नगर मंडळाची परवानगी हवी, असा नियम होता. शहरात अशी सुमारे ३२० दुकाने, त्यांतली ३१० लाकडी. नियमात चिनी हा शब्दही नव्हता. पण परवानगी मागणाऱ्या दोनशेच्या आसपास चिन्यांना नकार मिळाला आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांची दुकाने चालू राहिली. खटल्याला नाव पडले यिक वो, ते प्रत्यक्षात दुकानाचे नाव. न्यायालय म्हणाले, कायदा कागदावर निष्पक्ष असेल, पण तो राबवणाऱ्या हातांना मोकाट सोडले आणि त्यांनी माणसे निवडून त्यांना वेगळी वागणूक दिली, तर समान संरक्षण मोडले.

हा धोबी कलकत्त्यामार्गे हैदराबादेत आला. संविधान तयार होत असताना सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले आणि तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. ‘ड्यू प्रोसेस’ नावाचे अमेरिकन कलम घेऊ नका, निवडून आलेल्या सभागृहापेक्षा मूठभर न्यायाधीश वरचढ होतील, असा सल्ला फ्रँकफर्टर यांनी दिला. ते शब्द आपण गाळले. ‘समान संरक्षण’ मात्र ठेवले, आणि अमेरिकेत जे गृहीत धरावे लागले ते आपण तेराव्या कलमात लिहूनच टाकले: मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदे तेवढ्यापुरते रद्द. शिवाय बत्तिसाव्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क दिला. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हे कलम म्हणजे संविधानाचा प्राण असल्याचे सांगितले ते प्रसिद्ध आहे. ही तारीख लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्वर अली सरकार खटल्यात पश्चिम बंगालचा विशेष न्यायालयांचा कायदा मोडीत काढला. सरकारला वाटेल तो खटला विशेष न्यायालयाकडे पाठवता येत होता, कसोटी काहीच नव्हती. अगदी आपल्या फसली विनियमासारखे. त्या निकालात यिक वोचा आधार घेतलेला दिसतो. मे १९५२ मध्ये लछमनदास केवलराम खटल्यात मुंबईच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याचीही तीच गत झाली: २६ जानेवारीनंतर भेदभावाच्या पद्धतीने पुढे चालवलेला खटला टिकत नाही. रझवीची बाजू मांडणाऱ्यांच्या हातात हे दोन ताजे निकाल होते. सरळ हिशेब लावला तर रझवी सुटायला हवा होता. मुनीम आहे म्हणून सांगतो, मी तो निकाल वाचताना मधेच थांबून असा हिशेब मांडून पाहिला आणि मला घाम फुटला.

निकाल लागला १९ जानेवारी १९५३ ला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिला. त्यांनी विनियमाला निर्दोष म्हटले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. संविधान मागे जाऊन लागू होत नाही. २६ जानेवारीपूर्वी जे झाले, म्हणजे खटला न्यायाधिकरणाकडे पाठवणे आणि प्राथमिक चौकशी गाळणे, ते तेव्हाच्या कायद्याने झाले; आता उकरता येणार नाही. प्रश्न उरतो त्या तारखेनंतरच्या भागाचा. भेदभाव करणारी तरतूद बाजूला काढल्यावर आरोपीला नेहमीच्या खटल्याचे लाभ जवळजवळ मिळण्यासारखे होते का, आणि या खटल्यात ते प्रत्यक्षात मिळाले का, एवढेच पाहायचे. मिळाले, असे तिघांचे मत पडले. अपील फेटाळले गेले.

विरुद्ध मत दिले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आणि न्यायमूर्ती गुलाम हसन यांनी. भाषणातून हा भाग सांगतो तेव्हा गुलाम हसन हे नाव ऐकून काही मंडळी एकमेकांकडे बघतात. मग बोस यांचे काय करायचे? बोस ख्रिस्ती, नागपूरचे, दिल्लीला जाण्याआधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. त्यांच्या पत्नी आयरीन अमेरिकन होत्या. शांततेचे नोबेल मिळालेले जॉन मॉट यांच्या कन्या. रझाकारांविषयी या माणसाला ममत्व असण्याचे काही कारण नव्हते. २६ जानेवारीनंतरही त्याच विनियमाखाली खटला रेटणे चौदाव्या कलमात बसत नाही, एवढेच दोघांचे म्हणणे होते.

या दोन मतांतला फरक मला आडतीच्या भाषेत समजला. एखाद्या व्यापाऱ्याचा काटा खोटा आहे हे सिद्ध झाले. तो म्हणतो, काटा खोटा असेल, पण या शेतकऱ्याचे माप मी चिमूटभरही मारलेले नाही, मोजून बघा. तिघे म्हणाले, मोजून पाहिले, माप बरोबर आहे. दोघे म्हणाले, खोट्या काट्यावर तोललेला माल आम्ही तोललेला धरतच नाही. बाजारात दोन्ही बाजूंची माणसे मी पाहिली आहेत. पूर्वी मी तिघांच्या बाजूचा होतो. आता नाही, आणि याचे कारण कायद्याच्या पुस्तकात मिळाले नाही; ते पुढे सांगतो.

बाहेरच्या जगाशी ताडून पाहिले तर या तीन-दोनची किंमत कळते. जपानी जनरल यामाशिता याला अमेरिकन लष्करी आयोगाने मनिलात डिसेंबर १९४५ मध्ये फाशी सुनावली. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या न्यायालयाने दीडशे वर्षे न्यायिक पुनर्विलोकनाचा झेंडा मिरवला, त्याने ४ फेब्रुवारी १९४६ ला सहा विरुद्ध दोन अशा मतांनी दार लावून घेतले. मर्फी आणि रटलेज या दोघांनी विरोध नोंदवला. २३ फेब्रुवारीला यामाशिता फासावर गेला. आपले प्रजासत्ताक तेव्हा तीन वर्षांचे होते. त्याने आपल्या पराभूत शत्रूला न्यायाधिकरण, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट अशा तीन पायऱ्या चढू दिल्या, त्याचे संविधानावरचे म्हणणे पानेच्या पाने भरून नोंदवले, आणि शिक्षा भोगून झाल्यावर सप्टेंबर १९५७ मध्ये सोडून दिले. तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला.

त्याच विनियमाखाली आणखी कोण भरडले गेले हे मात्र आपण विसरतो. तेलंगणातल्या कम्युनिस्ट शेतकरी कार्यकर्त्यांना याच प्रकारच्या न्यायाधिकरणांनी फाशी सुनावली. हैदराबाद हायकोर्टाने ती डिसेंबर १९४९ मध्ये कायम केली. त्यांच्यासाठी लंडनहून डी. एन. प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले. पण सर्वोच्च न्यायालयाने जनार्दन रेड्डी खटल्यात सांगितले की हायकोर्टाचा निकाल २६ जानेवारीपूर्वीचा, म्हणून आम्हाला अपील ऐकण्याचा अधिकार नाही. दीड महिन्याच्या फरकाने दार बंद! मार्च १९५१ मध्ये बत्तिसाव्या कलमाखालचा अर्जही गेला. फाशी पुढे टळली, ती न्यायालयाबाहेरच्या खटपटीने. उलट बाजूला वरंगळचा सुभेदार हबीब मोहंमद. गुर्तूर गावच्या जाळपोळीबद्दल आणि खुनांबद्दल त्यालाही फाशीची शिक्षा. १९५३ च्या मार्चमध्ये त्याचा चौदाव्या कलमाचा मुद्दा रझवीच्याच निकालाच्या आधाराने फेटाळला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये तोच माणूस निर्दोष सुटला. कारण घटनास्थळी हजर असलेल्या बियाबानी या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला सरकारने साक्षीला बोलावलेच नव्हते. संविधानाने जे केले नाही ते साध्या पुराव्याच्या कायद्याने केले.

आता त्या तारखेकडे येतो. ९ डिसेंबर १९४८. दिल्लीत डॉ. आंबेडकर बत्तिसाव्या कलमावर बोलत होते, त्याच नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती आमच्या भागातून फिरत होती. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरले ते पाहण्यासाठी केंद्र सरकारने ती पाठवली होती. तिच्या अहवालात सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरचे नाव तर ठळकच आहे, रझवीचे गाव म्हणून. कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची इथली पेठ मोठी होती. अहवाल सांगतो की लातुरात हत्या वीसहून अधिक दिवस चालल्या. दहा हजारांच्या आसपास मुसलमानांपैकी समितीला जेमतेम तीन हजार दिसले. हजाराहून अधिक मारले गेले आणि बाकीचे जीव घेऊन पळाले. हा अहवाल सरकारने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो बंदच राहिला. रझाकारांचे अत्याचार मोठे होते, म्हणून नंतरचे हे सांगू नये, असे मला अनेकांनी सुचवले आहे. माझ्या आत्याची पैनगंगा मी विसरलेलो नाही. पण हिशेबाच्या वहीत एकाच बाजूच्या नोंदी करून शिल्लक काढता येत नाही.

मला उर्दू शिकवणारे मास्टरसाहेब त्या वेळी दहा वर्षांचे होते. घर गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. वडील एका पेढीवर तोलाई करत. रझाकार नव्हते, कोणत्याही पक्षात नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस ते घराबाहेर पडले आणि परत आले नाहीत. मी मास्टरसाहेबांकडे जात असे तेव्हा या विषयावर ते कधी बोलले नाहीत. सुप्रीम कोर्टाचा तो खंड हाती आल्यावर मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेलो आणि बोस आणि गुलाम हसन यांची मते मोडक्यातोडक्या उर्दूत समजावून सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘अच्छा है, बेटा. रझवीकू सुप्रीम कोर्ट तक जाने कू मिला. मेरे अब्बा के वास्ते थाने में एक कागद भी नै हुआ.’

मी काही बोललो नाही. चहा आला, तो प्यालो आणि निघालो. पण पुढे कित्येक दिवस ते वाक्य डोक्यात राहिले. चौदाव्या कलमाचा वाद आम्ही दोन आरोपींमध्ये लावतो: याला साधे कोर्ट, त्याला विशेष कोर्ट. मास्टरसाहेब तो दोन मयतांमध्ये लावत होते. बीबीनगरच्या जळलेल्या घरांसाठी तीन न्यायाधीश बसले आणि लातूरच्या गल्लीतल्या मयतासाठी पोलीस पाटीलसुद्धा आला नाही. लष्करी गव्हर्नर साध्या हुकमाने खटले निवडू शकत होते, तसे न निवडूही शकत होते. ज्या विनियमाला कसोटी नसते त्याची निवडलेली बाजू कोर्टात दिसते, न निवडलेली कुठेच दिसत नाही. तिला अपील नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या धोब्याला निदान नकाराचा कागद तरी मिळाला होता. बोस आणि गुलाम हसन यांच्यासमोर लातूर आले नव्हते, येण्याचा प्रश्नच नव्हता. पण काटा खोटा असेल तर मापाकडे बघायचेच नाही, हा त्यांचा हट्ट मला पटला तो मास्टरसाहेबांच्या ओसरीवर.

वकीलसाहेबांचा खंड मी परत नेऊन दिला तेव्हा त्यांना विचारले, तुम्ही स्वतः न्यायमूर्ती असता तर? ते हसले. म्हणाले, ‘माझ्या वडिलांनी रझवीला लातूरच्या कोर्टात उलटतपासणी घेताना पाहिलं होतं. बोलायला तिखट, पण मिसल कधी नीट वाचून येत नसे, असं ते सांगायचे. अपिलात मात्र त्याच्या वकिलांनी मिसल नीट वाचली होती.’ माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: वडिलांच्या काळातला एक उर्दू वकालतनामा, खाली संस्थानच्या तिकिटावर मारलेला गोल शिक्का आणि फसली तारीख. लातूरच्या त्या काळातल्या कोर्टाचा एवढाच तुकडा त्यांच्या घरात उरला आहे. लातूर, औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर, तसेच नांदेडकडे कंधार, देगलूर, बिलोली या भागांतल्या जुन्या वकिलांच्या घरी, माळ्यावरच्या पेट्यांत, फसली १३४० ते १३६० मधले असे कागद नक्की असतील. बहुतेक घरांत आता उर्दू वाचणारे कोणी नाही, म्हणून ते रद्दीत जातात. देऊ नका. अंकाच्या संपादकांना कळवले तर मी स्वतः येऊन वाचून देईन. कागद घरातच राहील, मला फक्त नक्कल हवी आहे.